कलाफत

आनंदवाडीच्या मच्छीमार सोसायटीत
बर्फाच्या क्रशरशेजारी जो संगणक आहे
त्याच्या एका सेटिंगच्या फाइलीत
त्रेसष्ट पासवर्ड ओळीने पडून होते.
उघडे नव्हेत. घोटून ओळख मोडलेले.
पण घोटणं बारा वर्षांपूर्वीचं;
माझ्या लॅपटॉपवर चहा निवेपर्यंत
एक्केचाळीस फुटले.

बोटींची नावं. पोरींची नावं, पुढे एक दोन तीन.
सेक्रेटरी तारींचा तर नुसताच ‘पासवर्ड’.

सगळ्यांना नवे घ्यायला लावू, मी म्हटलं.
डिझेलच्या कोट्याची नोंद ठेवणारी रेश्मा मुल्ला हसली.
“लावा की. ओहोटी लागल्यावर रांगेतल्या माणसाला
आठ अक्षरं, एक आकडा, एक चिन्ह
तुम्हीच समजवा.”
दारातून कोण तांडेल तेवढ्यात ओरडला,
“माका काय बदलूचो नाय, सांगान ठेवतंय!”

मग मी अकरा ओळी लिहिल्या.
माणूस येईल, आपला जुना शब्द टंकेल.
आधी जुन्या मापाने तो मोजायचा.
बरोबर निघाला, तर शब्द हातात आहे तेवढ्या क्षणात
तोच नव्याने घोटायचा, जड, सावकाश,
जुनी ओळ पुसून तिथे नवी ठेवायची
आणि म्हणायचं, या, एकशेवीस लिटर.
त्याला कळतही नाही.

खाडीकाठी ओढलेल्या होडीची कलाफत करतात
तसंच काहीसं. शिवण उकरायची,
कुजका कापूस काढायचा, तेलातला नवा ठोकायचा.
होडी तीच, नाव तेच.
फक्त ही होडी वर ओढायची नाही,
माणसं बसलेली असताना पाण्यातच.

आणि जो येत नाही त्याचं काही करता येत नाही.
फुटलेले मला बदलता आले असते,
पण ती यादी मी त्याच संध्याकाळी पुसली.
सगळी नाही विसरलो, हे खरं.

घोटताना मीठ घालावं लागतं.
आमच्या धंद्यात खरंच मीठच म्हणतात.
प्रत्येकाला वेगळं, म्हणजे दोघांचा शब्द एक असला
तरी ओळी एक दिसत नाहीत.
बारा वर्षांपूर्वी कुणी घातलं नव्हतं.
म्हणून ओळ सतरा आणि ओळ बावन्न
अक्षरन् अक्षर सारख्या.

सतरा, भालचंद्र कोयंडे.
बावन्न, रघुवीर कोयंडे.
इंजिन एकाने घेतलं, जाळी दुसऱ्याने,
लाकूड तिसराच कुणी विकत घेऊन गेला.
नऊ वर्षं भेटतात ते कोर्टाच्या तारखेलाच.
पंपाशी एकाचे कॅन लागले असले
तर दुसरा भिंतीकडे तोंड करून भरती बघतो,
भिंतीपलीकडे समुद्र असल्यासारखा.

तो शब्द मी सांगणार नाही.
एवढंच, की एके काळी तो पाण्यावर तरंगायचा.

मंगळवारी पहाटे भालचंद्र आला. सतरा बदलली.
बावन्न अकरा दिवस एकटीच
जुन्या वेषात बसून राहिली.
मी दुसऱ्या कामांसाठी फाइल उघडायचो
आणि आधी तीच बघायचो.

शनिवारी रघुवीर आला.
पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा चुकला.
बोटं खारवलेली, कळा बारीक.
तिसऱ्यांदा त्याने सावकाश टंकलं,
रेश्मा सांगते, ओठ हलवत.

आता त्या दोन ओळी शेजारी ठेवल्या
तर काहीच नातं लागत नाही.
याचेच मी पैसे घेतले.
दोघांना सोसायटीकडून तेवढंच डिझेल मिळतं,
तीच पावती, तोच शिक्का.

त्रेसष्टातले अठ्ठावन्न झाले.
तारी अजून एकदाही आलेले नाहीत,
त्यांचं सगळं रेश्मा तिच्या नावाने करते.
त्यांची ओळ तशीच आहे, कुणीही उघडावी अशी.
खातं बंद करायचा अर्ज मी लिहून ठेवलाय.
खाली सही सेक्रेटरींची लागते.